आसई, २३ सप्टेंबर १८०३: नदी ओलांडून झालेल्या लढाईचा युद्धखेळ रचताना

आसईच्या लढाईवर पटावरचा युद्धखेळ रचायला घेतला की पहिल्याच टप्प्यावर एक अडचण उभी राहते. केळणा नदीचा उतार, म्हणजे पाण्यातून ओलांडता येण्याजोगी उथळ जागा, कुठे आहे, हे दोन्ही खेळाडूंना आधीपासूनच ठाऊक असते. प्रत्यक्ष त्या दिवशी शिंदे-भोसल्यांच्या मराठा फौजेवर चालून आलेल्या इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला ते ठाऊक नव्हते. वाटाड्यांनी त्याला सांगितले होते की शत्रूच्या समोरचा उतार सोडला तर जवळपास दुसरा उतार नाही. नदीच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे समोरासमोर दिसताच त्याने तर्क केला की, इतक्या जवळच्या दोन गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे. तो तर्क खरा ठरला आणि त्या एका तर्कावर पुढची सगळी लढाई उभी राहिली. खेळाच्या नकाशावर मात्र ती जागा छापलेली असते आणि दक्षिणेकडून येणारा खेळाडू पहिल्या चालीतच तिकडे वळतो. मूळ घटनेतील सर्वांत अवघड निर्णय खेळात असा फुकट मिळाला, तर उरते ती केवळ सोंगट्यांची सरकवासरकव.

या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे की, नदी ओलांडण्याच्या लढाईत नियमांनी आधी कोणाला काय माहीत आहे हे ठरवले पाहिजे आणि पाण्यातून चालण्याचा वेग त्यानंतर पाहिला पाहिजे. प्रचलित पद्धत बहुधा याच्या उलट असते. नदीच्या षटकोनांना, म्हणजे पटावरच्या सहाकोनी घरांना, चालीचा जादा खर्च लावला, पाण्यात उभ्या असलेल्या सोंगटीची लढण्याची ताकद निम्मी केली, की नदीचे काम संपले असे मानले जाते. आसईच्या बाबतीत हे दोन्ही नियम लावूनही लढाई ओळखू येत नाही. कारण त्या दिवशी उतारावर अडवणूक झालीच नाही. इंग्रज फौज तोफांच्या दुरून येणाऱ्या माऱ्याखाली, पण समोर पायदळ नसताना पलीकडे गेली. रक्तपात झाला तो त्यानंतर, कोरड्या जमिनीवर.

परिस्थिती

डिसेंबर १८०२ अखेरच्या वसईच्या तहानंतर दुसरा बाजीराव कंपनीच्या आश्रयाने पुण्याच्या गादीवर परतला. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांना हा तह मान्य नव्हता. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध सुरू झाले आणि त्याच महिन्यात वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शिंदे-भोसल्यांची संयुक्त फौज भोकरदनच्या परिसरात होती. २१ सप्टेंबरला बदनापूर येथे वेलस्ली आणि दुसऱ्या इंग्रज फौजेचा सेनापती कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी निघून २४ तारखेला मिळून हल्ला करायचा, असे ठरले. २३ तारखेला सकाळची मजल मारून वेलस्ली नळणीला पोहोचला, तेव्हा हरकाऱ्यांकडून त्याला कळले की शत्रू अपेक्षेपेक्षा फार जवळ, जेमतेम ५-६ मैलांवर आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याच दुपारी हल्ला करण्याचा निर्णय त्याने घेतला.

त्याच्याजवळ लढाईत उतरणारे सुमारे ४,५०० लोक होते. त्यांत ७४ वी आणि ७८ वी या स्कॉटिश पलटणी, मद्रासी शिपायांच्या काही पलटणी, १९ वी लाइट ड्रॅगून्स आणि मद्रास घोडदळाच्या तीन रेजिमेंटी होत्या. म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार वेगळे होते. समोर शिंद्यांचे कवायती पायदळ सुमारे १०,८०० होते. त्यांतील सर्वांत मोठा कंपू (ब्रिगेड) हानोव्हरच्या अँथनी पोलमनचा, दुसरा बेगम समरूंचा आणि तिसरा डुपॉन्टच्या हाताखालचा होता. शंभराच्या आसपास तोफा, भोसल्यांचे बिनकवायती पायदळ आणि ३०,००० किंवा त्याहून अधिक घोडदळ हे त्याशिवाय.

भूमी अशी की दक्षिणेला केळणा आणि उत्तरेला जुई या दोन नद्या पूर्वेकडे जाऊन मिळतात आणि त्यांच्यामध्ये जिभेच्या आकाराचा पट्टा तयार होतो. मराठा फौजेचा तळ या पट्ट्यात होता. घोडदळ पश्चिमेला भोकरदनच्या बाजूला आणि पायदळ पूर्वेला आसईच्या बाजूला होते. सर्वांची तोंडे दक्षिणेकडे, म्हणजे केळणेकडे होती. या मांडणीत चूक काही नव्हती. समोर उंच काठांची नदी आणि नदीमागे शंभर तोफा असताना दक्षिणेकडून येणाऱ्या फौजेने सरळ समोरून यावे, अशीच अपेक्षा कोणीही धरली असती.

घड्याळ आणि मोजपट्टी

कोणत्याही नियमाआधी मोजपट्टी ठरवावी लागते आणि ती मनाला येईल तशी घेता येत नाही. ५०० जणांची पलटण दोन ओळींत उभी केली तर एका ओळीत २५० माणसे येतात. प्रत्येकाला सुमारे २२ इंच जागा धरली तर पलटणीची आघाडी दीडशे यार्डांच्या थोडी वर जाते. म्हणून एक षटकोन २०० यार्डांचा घेतला. फळी धरून उभी असलेली एक पलटण एका षटकोनात बसते आणि शेजारच्या पलटणीपर्यंतची फटही त्यात धरली जाते. लढाई जिथे झाली तिथे केळणेपासून आसई गावापर्यंतची रुंदी सुमारे एक मैल आहे, म्हणजे पटावर ९ षटकोन. इंग्रजांची पहिली ओळ ही रुंदी पुरती भरू शकत नाही, हे सोंगट्या मांडताक्षणी दिसते. त्यांच्या उजव्या बाजूला जे घडले, त्याचे एक मूळ या साध्या भूमितीत आहे.

एक पाळी २० मिनिटांची आहे. उघड्या रानातून रांगेने चालणारे पायदळ तासाला अडीच मैल जाते असे धरले, तर २० मिनिटांत ते साडेचौदाशे यार्डांच्या आसपास, म्हणजे ७ षटकोन जाते. थांबे आणि सावरणे लक्षात घेऊन रांगेतील चाल ६ षटकोनांची आणि फळी सांभाळत पुढे जाण्याची चाल ३ षटकोनांची ठेवली. खेळ दुपारी १ वाजता, वेलस्ली टेकडावरून तळ पाहत असताना सुरू होतो आणि ६ वाजता संपतो. म्हणजे १५ पाळ्या. ६ वाजता संपण्याला कारण आहे. २३ सप्टेंबर हा विषुवदिन. त्या सुमारास सूर्य सहाच्या आसपास मावळतो. अंधाराची ही मर्यादा इंग्रज खेळाडूवर जो दाब आणते, तो कोणत्याही कृत्रिम नियमापेक्षा खरा आहे.

याच लढाईवरचा खेळ नदी ओलांडून झाल्यावर, दोन्ही फळ्या समोरासमोर उभ्या असताना सुरू करता येतो. तसे केल्यास वेळ वाचतो आणि डाव संध्याकाळी जेवणाआधी संपतो, हे खरे. पण मग आसई आणि उघड्या मैदानावरची कोणतीही दुसरी लढाई यांत फरक राहत नाही. पहिल्या सहा-सात पाळ्यांत एकही फासा रक्तासाठी पडत नाही, तरीही खेळाचे भवितव्य त्याच पाळ्यांत ठरते, असे या मांडणीत अपेक्षित आहे.

उताराचा प्रश्न

उतार लपवण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे पंच. प्रशियात रायस्विट्झने १८२४ मध्ये मांडलेल्या युद्धखेळात दोन्ही बाजूंना स्वतःला दिसेल तेवढेच कळे आणि बाकीचे पंचाच्या डोक्यात असे. पंच मिळाला तर त्याच्या इतका चांगला दुसरा उपाय नाही. पण दोनच खेळाडू असतील तर पंच आणायचा कुठून? शिवाय आसईचा इतिहास वाचलेल्या खेळाडूकडून पंचही काही लपवू शकत नाही. म्हणून येथे उताराची जागाच अनिश्चित केली आहे.

केळणेवर पाच जागा खुणावलेल्या आहेत. त्यांतील एक, मराठा फळीच्या थेट समोरची, निश्चित उतार आहे आणि ते दोघांनाही ठाऊक आहे. उरलेल्या चार जागांसाठी चार चकत्या असतात. दोन चकत्यांवर तोफांसह जाता येणारा उतार, एकीवर फक्त पायदळ-घोडदळाला जमणारा उतार आणि एकीवर काहीच नाही. या चकत्या पालथ्या मांडल्या जातात. मराठा खेळाडू त्या उलटून पाहतो, कारण तळ टाकलेल्या फौजेला आपल्या नदीची माहिती असणारच. इंग्रज खेळाडूला ती नसते. एखाद्या जागेची खात्री करायची तर टेहळणीचे स्वार पाठवून पूर्ण एक पाळी, म्हणजे सूर्यास्ताआधीची २० मिनिटे खर्च करावी लागतात.

वेलस्लीचा तर्क या रचनेत असा उतरतो. नकाशावर ज्या जागेच्या दोन्ही काठांना गावे आहेत, तिथे मांडणीच्या वेळी दोन चकत्या काढायच्या, त्यांतील अधिक चांगली ठेवायची आणि दुसरी बाकीच्यांत मिसळायची. चार चकत्यांतून दोन काढताना त्यांत तोफांना चालणारा उतार मुळीच न येण्याची शक्यता एक षष्ठांश आहे. म्हणजे पिंपळगाव-वरूडच्या जागी चांगला उतार असण्याची शक्यता ५/६ आणि तो तिथे निघाला तर उरलेल्या तीन जागांपैकी प्रत्येकी १/३. इतिहास वाचून आलेल्या खेळाडूला त्याच्या वाचनाचा फायदा मिळतो, पण तो खात्रीचा नसतो. आणि जो केवळ नकाशा नीट पाहतो त्यालाही तोच फायदा मिळतो. दोन गावे पाहून तर्क करणारा सेनापती आणि पुस्तकात वाचून आलेला खेळाडू हे दोघे अशा रीतीने एका पातळीवर येतात. मला स्वतःला या खेळातील सर्वांत समाधानकारक नियम हाच वाटतो, कारण त्यात जुगार कमी आणि डोळे उघडे ठेवणे जास्त आहे.

मराठा खेळाडूने तिथे दोन पलटणी का ठेवू नयेत?

हा आक्षेप पहिल्याच डावात येतो आणि तो रास्त आहे. माहीत असलेल्या उतारावर पहारा न ठेवणे हा इतिहासातील दोष असेल, तर तो दोष दोनशे वर्षांनंतरच्या खेळाडूच्या माथी का मारावा? त्याला उतारावर पायदळ ठेवण्याची सरसकट बंदी केली, तर खेळाडूला आपण कठपुतळी आहोत असे वाटते आणि ते बरोबरही असते.

बंदीऐवजी किंमत लावली आहे. मराठा खेळाडू खेळाच्या आधी प्रत्येक कंपूसाठी लेखी हुकूम ठेवतो. समोरचा उतार धरून ठेवणे, डावी बगल सांभाळणे किंवा राखीव राहणे, यांपैकी एक. एखादा कंपू डाव्या बगलेला पाठवला की समोरचा उतार तेवढा उघडा पडतो आणि तो उतार तर पक्का आहे, त्याबद्दल इंग्रजांच्या मनात शंका नाही. वेलस्ली टेकडावरून मांडणी पाहतो, म्हणून इंग्रज खेळाडूलाही पहिल्या पाळीत सर्व सोंगट्यांच्या जागा दिसतात. डावी बगल भक्कम दिसली तर तो समोरून येतो. मराठा खेळाडूला दोन्ही ठिकाणी पुरेसे पायदळ ठेवता येते, पण मग प्रत्येक ठिकाणची फळी पातळ होते आणि राखीव काही उरत नाही. पोलमनला त्या दिवशी जी गणिते करावी लागली असतील, ती हीच.

एकदा खेळ सुरू झाला की लेखी हुकूम आपोआप बदलत नाहीत. इंग्रजांची एखादी सोंगटी उताराच्या ४ षटकोनांच्या आत आली, किंवा पाण्यात उतरली, तरच हुकूम बदलण्याचा प्रयत्न करता येतो. पोलमनच्या कंपूला एका फाशावर ४ किंवा अधिक लागतात. इतर दोन कंपूंना ५ किंवा अधिक, पण पोलमनचा कंपू हलला असेल तर त्यांनाही ४ पुरतात. याचा अर्थ पोलमनला सरासरीने दुसऱ्या प्रयत्नात यश येते. इतरांसाठी वेगळा आकडा ठेवणे हा माझा निर्णय आहे. तीन सरदारांच्या हाताखालचे तीन कंपू एका हुकमाने क्षणात वळतील, असे धरणे मला पटले नाही.

तोंड फिरवण्याची शर्यत

आता या प्रकरणातील सर्वांत भरीव भाग. इंग्रज फौज पूर्वेकडून पलीकडे येत आहे हे दिसताच पोलमनने आपली फळी काटकोनात वळवली. दक्षिणेकडे तोंड असलेली फौज पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली, उजवे टोक केळणेला आणि डावे आसई गावाला टेकवून. वेलस्लीची सगळी योजना मराठा फळीच्या उघड्या बगलेवर तुटून पडण्याची होती. नवी फळी समोर पाहून तो चकित झाला, कारण इतक्या सफाईने हे होईल अशी अपेक्षा त्याने केलीच नव्हती.

हे खेळात कसे घडावे? सुरुवातीला वाटते तसा यासाठी एखादा खास नियम लागत नाही, चालीचे गणित पुरते. एक मैल लांबीची फळी एका टोकावर काटकोनात फिरवायची, तर दुसऱ्या टोकाच्या पलटणीला वर्तुळाच्या चौथ्या भागाइतके, म्हणजे सुमारे १.५७ मैल, २,७६० यार्डांच्या आसपास चालावे लागते. फळी धरून चालल्यास पाळीला ६०० यार्ड, म्हणजे साडेचार पाळ्यांहून जास्त. रांगा करून चालल्यास पाळीला १,२०० यार्ड, म्हणजे सव्वादोन पाळ्यांच्या थोडे वर, आणि पुन्हा फळी उलगडण्यास एक पाळी. रांगेतून फळीत आणि फळीतून रांगेत जाण्याची ही कवायत ज्या फौजेला येते, तिलाच हे साधते. खेळात ही क्षमता फक्त तीन कवायती कंपूंना आहे. भोसल्यांच्या बिनकवायती पायदळाला ती नाही आणि म्हणून ते आसई गावाच्या आसऱ्याला राहते.

दुसऱ्या बाजूला इंग्रजांना पलीकडे जायला किती वेळ लागतो? उतार अरुंद आणि काठ उंच. चार-चार जणांच्या रांगेने गेल्यास ५०० जणांच्या पलटणीच्या १२५ रांगा होतात. दोन रांगांत दीड यार्ड धरले तर लांबी १९० यार्डांच्या आसपास. पाण्यातून आणि काठावरून वेग मिनिटाला ३० यार्ड धरला तर एका पलटणीला सव्वासहा मिनिटांच्या थोडी वर, मधले अंतर धरून सात. म्हणजे एका पाळीत तीन पलटणी. पायदळाला दोन पाळ्या, तोफा आणि त्यांच्या बैलांना एक, घोडदळाला एक. एकूण चार पाळ्या, ८० मिनिटे.

चार पाळ्या इंग्रजांना आणि सव्वातीनच्या आसपास मराठ्यांना, त्यात हुकूम बदलण्याचा उशीर मिळवायचा. दोन्ही बाजूंचे आकडे इतके जवळ येतील असे हिशेब मांडण्यापूर्वी वाटले नव्हते आणि ते जवळ आल्यामुळेच वेलस्लीचे आश्चर्य समजते. पोलमनचा फासा पहिल्याच प्रयत्नात पडला तर नवी फळी वेळेवर उभी राहते. तो तीनदा चुकला तर इंग्रज घोडदळ उघड्या बगलेवर येते. यांपैकी काहीही घडू शकते आणि डावाचा सगळा ताण या तीन-चार पाळ्यांत साठतो. इथे खेळाडू घाईने फासे टाकू लागतात, म्हणून एकच सूचना नियमात लिहावी लागली. हुकमाचा फासा चाल सुरू होण्याआधी पडला पाहिजे, चाल संपल्यावर नाही.

उतारावरचा तोफांचा मारा मुद्दाम सौम्य ठेवला आहे. त्या दिवशी उतार ओलांडताना वेलस्लीजवळच्या एका ड्रॅगून स्वाराचे डोके तोफगोळ्याने उडाले, म्हणजे मारा होताच. पण त्याने फौज अडली नाही. लांब पल्ल्यावर तोफेचा परिणाम एका पाळीत सोंगटीला धक्का बसण्यापुरता आहे. नवी फळी उभी राहून तोफा जवळ आल्या की तोच मारा भीषण होतो. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल पडले, तोफा पुढे नेता येईनात, तेव्हा वेलस्लीने त्या मागे सोडून पायदळाला संगिनी घेऊन पुढे जायला सांगितले. खेळात बैलांची वेगळी सोंगटी नाही. पण इंग्रज तोफखान्याच्या पहिल्याच नुकसानीनंतर त्याची चाल शून्य होते. मग तोफांच्या आधाराने थांबायचे की तोफा सोडून पुढे जायचे, हे खेळाडूनेच ठरवायचे.

आसई गाव आणि पुन्हा उठलेले गोलंदाज

इंग्रजांच्या उजव्या टोकाला पहाऱ्याच्या तुकड्या आणि त्यांच्यामागे ७४ वी पलटण होती. लेफ्टनंट कर्नल ऑरॉकच्या हाताखालच्या या तुकड्या ठरल्यापेक्षा फार उजवीकडे, थेट आसई गावाच्या तोफांच्या तोंडी गेल्या. ७४ वी त्यांच्यामागे गेली आणि मराठा घोडदळाच्या हल्ल्यात तिची अक्षरशः कत्तल झाली. कर्नल मॅक्सवेलच्या घोडदळाने धाव घेतली म्हणून उरलेले वाचले. ही घटना जशीच्या तशी घडवून आणणारा नियम मी ठेवलेला नाही. एका अधिकाऱ्याची त्या क्षणीची चूक दर डावात पुन्हा घडावी, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. त्याऐवजी दोन गोष्टी आहेत. आसई गावातील तोफा ३ षटकोनांपलीकडून दिसत नाहीत. आणि पहिल्या ओळीतील उजव्या टोकाची सोंगटी समोर मोकळी जागा असेल तर फाशावर १ आल्यास उजवीकडे एक षटकोन सरकते. नऊ षटकोनांची रुंदी पुरती भरता येत नसल्यामुळे तिथे मोकळी जागा असतेच. बाकीचे काम खेळाडूचा लोभ करतो.

डावीकडे केळणेकाठाने ७८ वी पलटण पुढे गेली आणि तिने समोरच्या तोफा घेतल्या, मागोमाग मद्रासी पलटणींनीही. पुढे गेलेल्या फळीमागे मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा इंग्रजांच्या पाठीवर चालवल्या. वेलस्लीला ७८ वी पलटण आणि ७ वे मद्रास घोडदळ घेऊन त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. खेळात घेतलेल्या तोफेच्या षटकोनात इंग्रजांची सोंगटी उरली नाही, तर पुढच्या पाळीत ३ किंवा अधिक पडल्यास ती तोफ पुन्हा जिवंत होते. हा नियम वाचून खेळाडूंना तो मराठा बाजूला दिलेली सवलत वाटतो. पण शिंद्यांचे गोलंदाज आपल्या तोफांजवळ शेवटपर्यंत टिकले, याची साक्ष खुद्द विजेत्यांच्या पत्रांत आहे. वेलस्लीनेही शिंद्यांच्या पायदळाची आणि तोफखान्याची वाखाणणी केली होती. त्यामुळे कवायती कंपूंचा मनोबलाचा आकडा मद्रासी पलटणींपेक्षा कमी ठेवण्याची जी सवय अनेक खेळांत दिसते, ती येथे पूर्ण टाळली आहे. दोघांचा आकडा सारखा आहे. फरक आहे तो हुकमांच्या एकजुटीत.

न लढलेले घोडदळ

३०,००० स्वार मराठा खेळाडूच्या हाती मोकळे सोडले तर खेळ पाचव्या पाळीच्या पुढे जात नाही. प्रत्यक्षात ७४ व्या पलटणीवरचा हल्ला सोडला तर या घोडदळाचा मोठा भाग पश्चिमेलाच राहिला आणि म्हैसूर-पेशव्यांच्या स्वारांनी केळणेच्या दक्षिणेकडून त्यावर नजर ठेवली. शिंदे आणि भोसले हे दोघेही लढाईच्या वेळी रणभूमीवर नव्हते. कंपू पोलमनचे ऐकत होते, पण सरदारांचे स्वार त्याचे ऐकतील असे काही नव्हते.

शक्य असेल तर मराठा बाजूला दोन खेळाडू घ्यावेत, एक कंपूंचा आणि एक घोडदळाचा. त्यांचे विजयाचे गुण वेगळे आहेत. कंपूंच्या खेळाडूला इंग्रजांच्या नुकसानीचे आणि वाचवलेल्या तोफांचे गुण मिळतात. घोडदळाच्या खेळाडूला आपले स्वार धडधाकट परत नेण्याचे गुण जास्त, आणि तुटलेल्या फळीवर हल्ला केल्यास थोडे. दोघे एकमेकांशी बोलू शकतात, पण हुकूम देऊ शकत नाहीत. घोडदळ का आले नाही हा प्रश्न मग नियमावलीला विचारावा लागत नाही. कंपूंचा खेळाडू तो सरळ आपल्या जोडीदाराला विचारतो आणि त्याला मिळणारी उत्तरे बरीच ऐतिहासिक असतात. दोनच खेळाडू असतील तर पश्चिमेकडील प्रत्येक पथकाला हलवण्यासाठी ६ पडावा लागतो, इंग्रजांची एखादी पलटण मोडली असेल तर ५.

जय कोणाचा

त्या दिवशी इंग्रजांनी मैदान मारले आणि ९८ तोफा घेतल्या. त्यांचे ४२८ मेले, १,१३८ जखमी झाले आणि १८ बेपत्ता, एकूण १,५८४. लढलेल्या ४,५०० लोकांच्या मानाने हा आकडा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा आहे. मॅक्सवेल शेवटच्या हल्ल्यात मारला गेला. फौज इतकी थकली होती की जुई ओलांडून निघालेल्या मराठा पायदळाचा पाठलाग झाला नाही आणि स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचला. असा जय खेळात निव्वळ मैदान ताब्यात घेण्यावर मोजला तर इंग्रज खेळाडू आपली माणसे बेफिकिरीने झोकून देतो. म्हणून इंग्रजांना तोफांचे गुण मिळतात आणि स्वतःच्या प्रत्येक मोडलेल्या पलटणीमागे ते वजा होतात. ऐतिहासिक निकाल या कोष्टकात इंग्रजांचा निसटता जय म्हणून येतो. मराठा खेळाडूला आसई गाव ६ वाजेपर्यंत राखले, किंवा निम्म्याहून अधिक तोफा जुईपार नेल्या, तर बरोबरी मिळते. पहिली फळी मोडल्यावर जुईला पाठ लावून उभ्या राहिलेल्या दुसऱ्या मराठा फळीला म्हणूनच शेवटच्या पाळ्यांत खरे काम उरते.

राहिला तो इंग्रज खेळाडूचा सर्वांत पहिला पर्याय, जो वेलस्लीलाही होता. त्याने त्या दुपारी न लढता नळणीला मागे जायचे आणि स्टीव्हन्सनची वाट पाहायची. खेळात हे करता येते. चौथ्या पाळीच्या अखेरपर्यंत, म्हणजे २ वाजून २० मिनिटांपर्यंत त्याची एकही सोंगटी उताराच्या ४ षटकोनांच्या आत नसेल, तर तो माघारीची घोषणा करू शकतो. तेव्हा एक फासा पडतो. १ ते ४ आल्यास मराठा फौज रात्रीत निघून जाते आणि तिला निसटता जय मिळतो. ५ किंवा ६ आल्यास दुसऱ्या दिवशीचा वेगळा डाव मांडायचा, ज्यात स्टीव्हन्सनची फौज पश्चिमेकडून पटावर येते आणि केळणेवरच्या चारही चकत्या उघड्या असतात.